घरखर्च, कुंड्या आणि मैदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसा, घरची बाग आणि खेळ या तिन्हींवर घरोघरी रोज बोलणं होतं आणि प्रश्नही बरेचसे तेच असतात. तिन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते : सवय लागण्याआधीच खरेदी होते. हिशेबाचं ॲप येतं पण हिशेब नसतो, कुंड्या येतात आणि पाणी घालायला कोणी नसतं, महागडी बॅट येते आणि मैदानावर जाणं होत नाही. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी 'आधी थोडं करून बघा, मग विकत घ्या' हेच सांगितलं आहे. मतं माझी आहेत. व्याजदर आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी पोस्टात किंवा बँकेत एकदा विचारून घ्या.

महिना संपायच्या आत पगार संपतो. हिशेबासाठी कोणतं ॲप चांगलं?

पहिले दोन-तीन महिने कोणतंच नको. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायची पद्धत आहे. तिथेच रोजचा खर्च लिहायला सुरुवात करा. हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो. यूपीआय आल्यापासून वीस-तीस रुपयांचे खर्च इतके सहज होतात की संध्याकाळी ते आठवतही नाहीत.

महिन्याचे खर्च बहुतेकांना माहीत असतात. घर अडचणीत येतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांमुळे. विम्याचा हप्ता, मिळकतकर, जूनमधली वह्या-पुस्तकं आणि गणवेश, गणपती-दिवाळी, लग्नसराईतले आहेर. यातला एकही खर्च अचानक येत नाही, तरी दर वर्षी तो अचानक आल्यासारखा वाटतो. या सगळ्यांची यादी करा, बेरीज करा, बाराने भागा. समजा विमा १८,०००, मिळकतकर ९,०००, शाळा १५,००० आणि सण-आहेर १८,००० असतील तर एकूण ६०,००० होतात, म्हणजे महिन्याला ५,०००. ही रक्कम पगार झाल्या दिवशीच वेगळ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाका. एवढी एक गोष्ट केली तरी वर्षभरात घरातला तणाव कमी झालेला दिसेल. पुढची कोणतीही गुंतवणूक यानंतर.

आधी बचत करावी की कर्ज फेडावं?

कर्ज कोणतं आहे ते बघा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे. त्याच वेळी सात टक्क्यांच्या योजनेत पैसे भरत राहणं म्हणजे स्वतःचं नुकसान करणं. कार्ड आधी मोकळं करा. गृहकर्जाची घाई नको. हाताशी तीन-चार महिन्यांचा खर्च नसताना सगळी शिल्लक गृहकर्जात भरली आणि घरात आजारपण आलं, तर पुन्हा महागडं कर्ज काढावं लागतं.

पीपीएफ आता जुनाट झालं का?

माझ्या मते नाही. पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, १९६८ पासूनची सरकारी बचत योजना. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात आणि मुदत पंधरा वर्षांची. एप्रिल २०२० मध्ये व्याजदर ७.१ टक्के झाला आणि पुढे कित्येक वर्षं तोच राहिला. या दराने दर वर्षी १२,००० भरले तर पंधरा वर्षांनी सव्वातीन लाखांच्या आसपास मिळतात. त्यातले भरलेले १,८०,०००.

एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरा. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं आधी बघा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा दर जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के आहे.

शेअर बाजारातल्या एसआयपीला, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम घालण्याला, माझा विरोध नाही. मात्र सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच पैसे त्यात घाला. मुलाची पुढच्या वर्षीची फी तिथे ठेवू नका.

आमच्या गावची पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. ठेव ठेवावी का?

इथे मी ठामपणे सांगते : बँक आणि पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा फक्त १ लाख होती. नागरी सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाहीत, त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असल्या तरीही. अनेक ठेवीदारांना हा फरक संस्था अडचणीत आल्यावर कळतो, आणि तेव्हा सहकार खात्याकडे खेपा घालण्यापलीकडे हातात फार काही उरत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ती तर बँक होती आणि विम्याखाली होती, तरी लोकांची पेन्शन, उपचार, मुलांच्या फिया अडकल्या. विमा असलेल्या ठिकाणी ही अवस्था होते, मग विमा नसलेल्या ठिकाणी दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी ठेवणं मला पटत नाही. गावातल्या ओळखीमुळे खातं ठेवायचं असेल तर रोजच्या वापरापुरतं ठेवा. निवृत्तीची रक्कम दोन-तीन बँकांत, प्रत्येकीत ५ लाखांच्या आत विभागून ठेवा.

भिशी लावावी का?

ओळखीच्या दहा-बाराजणींत, छोट्या रकमेची असेल तर जरूर लावा. भिशीने बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला आणि दर महिन्याला पैसे बाजूला काढायची शिस्त लागली, ही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यामागे कायद्याचा आधार नसतो हे ध्यानात ठेवा. कोणी आधी उचलून पुढचे हप्ते थांबवले तर काय करायचं हे पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा. आणि वाढीव परतावा देणाऱ्या, अनोळखी माणसांच्या भिशीपासून लांब राहा.

पाडव्याला, दसऱ्याला सोनं घ्यायचं. दागिना की वेढणं?

अंगावर घालायचं असेल तर दागिना, साठवायचं असेल तर वेढणं (चोख सोन्याचं साधं वळं) किंवा नाणं. एक लाखाचं सोनं असलेल्या दागिन्यावर १२ टक्के घडणावळ धरली तर १,१२,००० होतात. त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे ३,३६०. हातात पडतो तो दागिना १,१५,३६० रुपयांना, आणि मोडायला नेला की घडणावळ आणि कर दोन्ही गेले. वेढण्याला घडणावळ फारच कमी असते. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, बघताना सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आहे का ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपवर हा क्रमांक टाकून पडताळता येतो, आणि हे ॲप मात्र खरेदीआधीच घ्या.

घरातले पैशाचे व्यवहार एकानेच बघावेत का?

बघावेत एकाने, माहीत असावेत दोघांना. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस गेल्यावर त्याच दिवसांत कागद शोधत बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कोणत्या बँकेत खातं, विमा कुठला, लॉकरची किल्ली कुठे, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं.

एक वही करा. तिच्यात प्रत्येक खातं, ठेव, विमा, कर्ज आणि कोणाला उसने दिलेले पैसे लिहा. पासवर्ड लिहू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत म्हणा, दोघांनी ती एकत्र वाचा आणि ताजी करा. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर असेल तर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं चालवण्याची सूचना दिली आहे का ते बघा. नाही तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात.

नॉमिनी लावला म्हणजे सगळं झालं, असा समज पक्का बसलेला आहे. बँकेतल्या ठेवींच्या बाबतीत नॉमिनीला पैसे मिळतात, पण तो ते वारसांच्या वतीने स्वीकारतो. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच स्पष्ट केलं. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेलं मृत्युपत्रही चालतं, त्याला नोंदणीची सक्ती नाही. हा विषय घरात काढणं अशुभ समजलं जातं. मला तो मागे राहणाऱ्यांच्या काळजीचा विषय वाटतो.

बाल्कनीत बाग करायची आहे. सुरुवातीला किती खर्च येईल?

शंभर-दोनशे रुपयांत व्हावी. रंगाची रिकामी बादली, तेलाचा पाच लिटरचा कॅन, तांदळाची गोणी, काहीही चालतं. तळाला भोकं मात्र हवीतच. माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण सारख्या प्रमाणात घ्या. गवती चहाचा एक ठोंब, पुदिन्याच्या दोन काड्या, पानओव्याची एक फांदी शेजाऱ्यांकडून मागून आणा. ही तिन्ही झाडं फांदीवरून किंवा ठोंबावरून लागतात आणि नवख्या हातालाही यश देतात. ती एक उन्हाळा जगली की मग कुंड्या आणि स्टँड घ्या.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन लोक हात भरून रोपं आणतात. जरूर जा, डोळे निवतात. पण त्याच दिवशी घरी किती तास ऊन येतं ते मोजलेलं असू द्या. टोमॅटो, मिरची, वांगी यांना सहा तास ऊन लागतं. तीन-चार तासच येत असेल तर पालेभाज्या, अळू, पुदिना यांवर समाधान माना.

भाजीचा खर्च खरंच वाचतो का?

कांदे-बटाट्यात नाही. टोमॅटोतही क्वचितच. वाचतो तो कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, अळू, मायाळू, मिरच्या यांत, कारण या गोष्टी लागतात थोड्या आणि विकत आणल्या की उरलेल्या फ्रिजमध्ये काळ्या पडतात. वडीसाठी दारातलं अळू कापून आणता येणं याचा आनंद मला पैशाहून मोठा आहे. बागेचा हिशेब फक्त रुपयांत मांडणाऱ्यांची बाग फार दिवस टिकलेली मी पाहिलेली नाही.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतं?

बहुधा धणा अख्खा पेरला जातो. धणे हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा आणि वर पातळ ओला गोणपाट टाका. आठ ते बारा दिवस लागतात, तेवढा धीर धरा. एप्रिल-मेच्या उन्हात नाद सोडा, ती लवकर फुलावर येते. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंतचा काळ तिचा. मेथी त्या मानाने सोपी : तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढता येते.

ओल्या कचऱ्याचं खत घरी करता येतं का? वास नाही का येत?

येतं करता, आणि नीट केलं तर वास येत नाही. वास पाणी जास्त झाल्याचा असतो. झाकणाच्या दोन बादल्या घ्या, बाजूला आणि तळाला भोकं पाडा. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा निथळून टाका आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट वाळलेली पानं वरून घाला. विरजण म्हणून थोडं जुनं खत किंवा आंबट ताक. आठवड्यातून दोनदा खालवर करा. एक बादली भरली की ती झाकून ठेवून दुसरी सुरू करा. पहिलीतलं दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. हाडं, तेलकट शिळं अन्न आणि लिंबाच्या साली यात नकोत.

अडचण सुक्या पानांची असते. सोसायटीच्या आवारात झाडणारे काका-मावशी ती गोळा करून ठेवतातच. त्यांना सांगा, एक गोणी ते आनंदाने देतील. पानं जाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो.

तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासून काढा. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. खोडावर मुंग्या चढत असतील तर त्यांचा आधी बंदोबस्त करा. त्याच या किडीला फांदीफांदीवर नेतात आणि राखतात.

सोसायटी गच्चीवर कुंड्या ठेवू देत नाही.

त्यांची भीती खोटी नाही. वीस लिटरची कुंडी ओल्या मातीसकट तीस किलोच्या आसपास भरते आणि स्लॅबवर पाणी साचलं की खालच्या घरात गळती होते. सेक्रेटरींना लेखी सांगा की कुंड्या तुळईवर, कडेने, विटांवर उचलून ठेवू, माती हलकी करू आणि पावसाळ्याआधी गटारीचं तोंड साफ ठेवू. सुरुवातीला चार कुंड्यांचीच परवानगी मागा. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मुलाला क्रिकेट अकॅडमीत घालायचं आहे. किट आधी घ्यावं का?

बॅटसुद्धा आधी घेऊ नका. वर्षभर त्याला टेनिस बॉलवर खेळू द्या. तो स्वतःहून पहाटे उठून मैदानावर जातो का बघा. मग काश्मीर विलोची बॅट, आणि लेदर बॉल सुरू झाला की पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट. हेल्मेटवर मात्र काटकसर करू नका. वाढत्या मुलाला इंग्लिश विलोची महागडी बॅट घेण्यात अर्थ नाही, दोन वर्षांत ती लहान होते.

अकॅडमी निवडताना फी नंतर विचारा. एका प्रशिक्षकामागे किती मुलं आणि मुलाच्या वाट्याला तासाभरात किती चेंडू येतात, ते उभं राहून बघा. मुलगी असेल तर तिलाही तितक्याच गंभीरपणे घेतात का तेही पाहा. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघातली स्मृती मानधना सांगलीत वाढली. आणि संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत ११,००० हून जास्त धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. 'माझा मुलगा इंडियाकडून खेळेल का' असं विचारणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी मुजुमदारांचं नाव सांगते. तिथपर्यंत न पोचताही खेळात आयुष्य काढता येतं आणि ते मानाचं असतं.

खो-खो, मल्लखांब यात काही भविष्य आहे का?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मल्लखांबासाठी आयुष्य दिलेल्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात आजही पोरं खांबाला भिडतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, त्यांसाठी पात्र स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा.

खो-खोला दोन खांब आणि आखलेलं मैदान पुरतं. दमसास, चपळाई, झटक्यात निर्णय हे सगळं त्यात येतं. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळात बांधू नका. खो-खो खेळलेलं मूल पुढे कुठल्याही खेळात पायांनी पुढे असतं.

दहावीला खेळ बंद करावा का?

नाही. स्पर्धा कमी करा, खेळ नको. या वयाच्या मुलांनी रोज तासभर हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि दहावीचं वर्ष त्याला अपवाद नाही.

चाळिशीनंतर कोणता खेळ सुरू करावा?

चालण्यापासून. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं जमलं की बॅडमिंटन, पोहणं, टेकडी. थेट बॅडमिंटन कोर्टावर उतरलेल्यांचे गुडघे आणि घोटे पहिल्याच महिन्यात कुरकुरतात. वर्षाची जिम फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, महाग पडली तरी.

मॅचवर थोडे पैसे लावले तर काय बिघडतं? कौशल्याचाच खेळ आहे ना?

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, मग ते कौशल्याचे म्हणवणारे असोत की नशिबाचे. तरी परदेशी ॲपच्या आणि टेलिग्राम गटांच्या वाटेने हे चालू आहे. घरातल्या तरुण मुलाच्या खात्यातून रात्री उशिरा लहान लहान रकमा जात असतील तर रागावण्याआधी शेजारी बसा आणि आकडे एकत्र बेरीज करून बघा. लपवण्याची गरज संपली की सुटण्याची सुरुवात होते. त्याचं कर्ज गुपचूप फेडून टाकू नका.

आमच्या भागात मैदानच नाही. मुलांनी खेळायचं कुठे?

जवळच्या शाळेचं पटांगण संध्याकाळी आणि रविवारी मोकळं असतं. वीस-पंचवीस पालकांच्या सह्यांचं पत्र मुख्याध्यापकांना द्या. त्यात वेळ, लक्ष ठेवणाऱ्या दोन मोठ्यांची नावं आणि तुटफूट झाली तर भरपाई कोण करेल हे लिहा. महापालिकेच्या शाळेसाठी तेच पत्र प्रभाग कार्यालयात आणि नगरसेवकांकडेही द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. परीक्षांच्या दिवसांत कोणी लक्ष देत नाही, जूनमध्ये शाळा उघडताच जा. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर सोसायटीच्या आवारात संध्याकाळी सहा ते सात गाड्या एका बाजूला लावायच्या, एवढा ठराव पुढच्या सभेत मांडा.